पोपटी ब्लाउज

शुक्रवार, १२ जुलै २००२

संस्थेचं माहितीपत्रक छापून आलं. मॅडम खूश आहेत. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात एवढं कौतुक, तरी तो पोपटी ब्लाउज डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

फोटोच्या दिवशी सायखेड्याच्या सुमनमावशी नटून त्यांच्या अंगणात आल्या होत्या. नवी साडी, पोपटी ब्लाउज. मीच म्हटलं, "मावशी, घरातली जुनी साडी नेसाल का? देणगीदारांना गरज दिसायला हवी." कॉलेजात शिकवलेलंच बोलले ना मी? त्या घरात गेल्या आणि साडी-ब्लाउज बदलून आल्या.

आज त्यांना पत्रक द्यायला गेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"फोटो लय चांगला आलाय, पोरी. पण ब्लाउज नाय दिसत."

"कुठला?"

"पोपटी. तुमच्या शिवणवर्गात शिकून पयला शिवलेला. तुला दाखवायलाच घातला होता."

संस्थेचं काम लोकांना दिसावं म्हणून मला ठेवलंय. ते काम अंगावर घालून बाई समोर उभी होती, आणि मी ते उतरवायला लावलं.

सोमवारी मॅडमना सांगेन, फोटो पुन्हा काढू. पण मावशींना कुठल्या तोंडानं म्हणू, की आता तो ब्लाउज घाला?