गव्हावर दळलेली बाजरी

लिहून ठेवणार दुर्गाबाई भ्रतार कै. चिमाजी येळवंडे, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा पिठाची गिरणी, राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून करत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. पोट मात्र तेराव्या वर्षापासून शाबूत नाही. पण कायदा पोटाची चौकशी करत नाही, असे लिहून घेणारे यशवंतराव गुरुजी म्हणतात. तरी मी पोटाचेही लिहायला लावणार आहे, कारण बाकीची कलमे त्यातूनच निघाली आहेत.

कलम १. निघोज्याचे राहते घर, परसातल्या विहिरीसह, माझ्या पश्चात एकुलता मुलगा अर्जुन याचे. या घरात मी तेराव्या वर्षी आले. माहेर वर मावळात, भाताचे; तिथे गहू सणालाच दिसे. इथे सासऱ्यांची नदीकाठची काळी जमीन, घरचा गहू, आणि सासूबाई मंजुळाबाई यांचा तोरा असा की आमच्यात रोज पोळी होते. महिन्याभरात माझे पोट फुगले, जुलाब सुरू झाले, तोंड आले, केसांचे पुंजके हातात येऊ लागले. सासूबाई म्हणत, भात खाणारी पोरगी, तिला चांगले अन्न पचत नाही. त्या अगदी खरे बोलत होत्या. ते खरे आहे हे मात्र त्यांनाही कळले नाही आणि मलाही नाही.

कलम २. सासूबाईंची मोठी पितळी परात त्यांच्या माहेरी, चऱ्होलीला परत करावी. ती मला घरात नको. दोन मुले पोटातच गेल्यावर सासूबाईंनी मला सोळा सोमवार धरायला लावले. दिवसभर उपास, संध्याकाळी कणकेचा तुपागुळातला चूर्मा; एक भाग देवाचा, एक गाईचा, एक व्रत करणारीचा. माझा भाग सासूबाई मुद्दाम मोठा काढत, सुनेच्या अंगी लागावे म्हणून. तो या परातीत मळलेला असे. दर मंगळवारी मी अंथरुणाला खिळे. सतराव्या सोमवारी उद्यापनाला मला शेजारच्या दोघींनी धरून पाटावर बसवले. सासूबाई रडत होत्या, हे मी विसरलेले नाही. देव परीक्षा बघतो, म्हणाल्या, आणि आणखी एक घास भरवला. त्यांना मी माफ केले आहे. परातीला नाही.

पुढे मी मरणार या भीतीने मला माहेरी धाडले. सहा महिने भात आणि नाचणी खाऊन मी धट्टीकट्टी होऊन परत आले आणि त्याच साली अर्जुन राहिला. सगळ्यांनी सांगितले, सोळा सोमवारांचे फळ. मीही तेच सांगत असे. अर्जुन त्या गोष्टीवर वाढला, आणि आज तो माझे ऐकत नाही त्याचे मूळ तिथे आहे.

कलम ३. हे कलम कोणाला काही देण्याचे नाही. गुरुजी म्हणाले, मग ते कलम होत नाही. मी म्हटले, घाला.

लढाईच्या दिवसांत एक साल असे आले की गव्हाला तांबेरा लागला, उरला तो सरकारने लेव्हीत नेला. वर्षभर घरात गव्हाचा दाणा नव्हता. रेशनची लाल ज्वारी, थोडी बाजरी, रानातली भाजी. सगळे गाव वाळले. माझ्या मालकांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि मी भरले. पोट उतरले, तोंड बरे झाले, डोक्यावर नवे केस आले. बाया विचारू लागल्या की गिरणीवालीने धान्य कुठे पुरले आहे. मला लोकांत जायची लाज वाटे. उपाशी गावात मी एकटी सुखाने जेवत होते.

पुढच्या दिवाळीला घरात पुन्हा गहू आला. चार करंज्या खाल्ल्या आणि चौथ्या दिवशी आडवी झाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. महिना सोडला, बरी झाले. पुन्हा एक पोळी खाल्ली, पडले. असे मी तीनदा केले, कोणाला न सांगता. तिसऱ्या वेळी मालकांना सांगितले. मला वाटले हसतील. ते म्हणाले, "दुर्गे, तुझं पोट खोटं बोलत न्हाई. आमीच तीस वर्सं बहिरं."

त्या दिवशी मी ओंजळभर गहू घेऊन ओसरीवर बसले. सोन्यासारखा दाणा, मधून बारीक चीर. निम्मे जग याच्यावर जगते. माझी सासू, नवरा, मुलगा याच्यावर पोसले. आणि त्यात असे काय आहे, की डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, पण माझ्या आतड्याला अचूक ओळखू येते? मला राग आला नाही. मी त्या ओंजळीला नमस्कार केला. आजही गव्हाचे पोते उघडताना करते. मी गव्हाला दोष देत नाही, हे नोंदवून ठेवावे.

कलम ४. चाकणच्या पेठेतली पिठाची गिरणी, तेलाच्या इंजिनासह. ही माझे दागिने मोडून माझ्या नावावर घेतलेली असून नव्या कायद्याने माझीच आहे. ती अर्जुनला, पण अटीवर.

गहू सोडल्यावरही माझे अधूनमधून पोट बिघडे. मालक म्हणत, चोरून खातेस काय. एकदा इंजिन आठ दिवस बंद पडले, मी घरच्या जात्यावर बाजरी दळली आणि ते आठ दिवस काही झाले नाही. तेव्हा कळले. गिरणीत आधी गव्हाचे दळण होई, मग त्यावर माझी बाजरी. दगडाच्या टाक्यांत, म्हणजे छिन्नीच्या खाचांत, राहिलेली कणीक माझ्या पिठात उतरे. एवढीशी, चिमूटभरही नसेल. गिऱ्हाइके ज्वारीवर गहू दळू नका म्हणून भांडतात, कारण पोळी काळी पडते. गव्हावर बाजरी दळू नका म्हणून भांडणारी मी पहिलीच असेन. मालकांनी दगडांची दुसरी जोडी बसवली. उजव्या हाताच्या त्या गिरणीवर आजवर गहू पडलेला नाही.

अट ही: पुढेही पडू नये. तिच्यावर दिवसाला दोनच दळणे येतात, जागा अडते, हे मला माहीत आहे. पण पिंपरीच्या कारखान्याच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेली अंबुबाई आठवड्याला चार कोस चालत तिथे दळायला येते. तिलाही माझ्यासारखेच होत होते. तिने एकदा विचारले, "दुर्गाबाई, आपल्याला काय झालंय म्हणायचं?" त्याला नाव असेल तर ते आजवर मला कोणी सांगितलेले नाही.

कलम ५. पोस्टातली बचत आणि गळ्यातली पुतळ्यांची माळ सून कौशल्या हिला. तिने मला कधी पोळीचा आग्रह केला नाही. माझे पाहुण्यांकडचे ताट ती गुपचूप बदलून आणी.

कलम ६. नात शकू, वय सहा. यासाठीच हे मृत्युपत्र आहे.

शकूचे पोट फुगलेले, हातपाय काटक्या. दोन वर्षे तिची उंची दाराच्या चौकटीवरच्या एकाच खुणेला थांबली आहे. देवऋष्याने नजर सांगितली. पुण्याच्या एका डॉक्टरांनी जंत सांगितले, टॉनिक दिले आणि अशक्तपणावर बिस्किटे चारा म्हणाले. ती बिस्किटे कशाची असतात हे मी विचारले, तर अर्जुन माझ्यावर चिडला. दर श्रावणात तो सोळा सोमवारांच्या आठवणीने चूर्मा करतो आणि पहिला घास शकूला भरवतो. मी हात धरला तेव्हा म्हणाला, "ज्या चुरम्यानं मी झालो, त्यानं माझी पोरगी मरंल व्हय? आन् गिरणीवाल्याच्या पोरीला पोळी मिळत न्हाई, असं लोकांनी बोलायचं?"

अर्जुन, माझ्याकडे कागद नाही. कोणा डॉक्टरचे लिहून दिलेले नाही. गुरुजी सांगतात, 'मला खात्री आहे' असे न लिहिता 'मला वाटते' असे लिहा. लिहा, गुरुजी. मला वाटते की माझे पोट या पोरीत उतरले आहे. तुला वगळून तिच्यात कसे उतरले, हे मला कळत नाही. तिचे डोळे, हसणे, चालणे तुझे आहे. माझ्याकडून तिला एवढेच मिळाले.

माझे चुकत असेल. म्हणून आयुष्यभराचे मागत नाही. शंभर दिवस. पोळी, करंजी, शिरा, शेवया, बिस्किटे काही नाही. भाकरी उजव्या गिरणीच्या पिठाची. मग चौकटीवरची खूण बघ. खोटी ठरले तर गिरणीत बसून माझ्या नावाने खुशाल हस.

कलम ७. माझ्या तेराव्याला गव्हाचे काही करू नये. भात, बाजरीची भाकरी, तांदळाची खीर. आजीच्या जेवणाला नातीला पोटभर जेवता आले पाहिजे. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर कावळा शिवला नाही, तर घर सांभाळतो, गिरणी सांभाळतो, असले काही बोलू नका. त्याने मी येणार नाही. अर्जुनने शकूचा हात धरून चारचौघांत म्हणावे, हिला शंभर दिवस गहू देणार नाही. जिवंतपणी मला तो शब्द मिळाला नाही.

येणेप्रमाणे राजीखुशीने, शुद्धीवर असताना, मला वाचून दाखवल्यावर कबूल.

लिहिणाऱ्याची नोंद: वरील मजकूर वाचून दाखवत असता मुलगा अर्जुन चाकणहून आला व दारात उभा राहिला. कलम सहापासून पुढचे त्याने ऐकले. नंतर तो आत येऊन आईच्या पायाशी बसला व म्हणाला, "आई, कावळ्याच्या तोंडाकडं कशाला बघत बसायचं? आजपास्नं धरतो शंभर दिस." मी दुर्गाबाईंना विचारले, मग कलम सात काढून टाकू का. त्या म्हणाल्या, "राहू द्या, गुरुजी. त्यो दोनदा बोलला तरी मला चालंल." सबब कलम कायम.

सही दस्तुरखुद्द: दुर्गाबाई भ्रतार चिमाजी येळवंडे
साक्षीदार: ज्योतीराम भिमाजी कड, राहणार चाकण
साक्षीदार: अंबुबाई, हल्ली मुक्काम पिंपरी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
दस्तुर: यशवंतराव, निवृत्त शिक्षक, निघोजे
मुक्काम निघोजे, मार्गशीर्ष शके १८७९, रविवार, तारीख ८ डिसेंबर १९५७

शब्द देणार (साक्षीदार म्हणून नव्हे): अर्जुन चिमाजी येळवंडे. दिवस पहिला.