सतराव्या मजल्यावरची पाचवी

२० जून, शुक्रवार. दुपारी चार.
आजपासून रेकॉर्ड. यतीन म्हणाला, माशांची पैदास करायची तर रोजचं रेकॉर्ड पाहिजे. यतीन म्हणजे करी रोडचा मासेवाला. खायच्या माशांचा नव्हे, बघायच्या.

मला अक्षर येत नाही, त्यामुळे मी सांगणार आणि कांता लिहिणार. कांता आमच्या काळाचौकीच्या जुन्या चाळीतली शेजारीण. चाळीचा टॉवर झाला, ती चौदाव्या मजल्यावर गेली, आम्ही सतराव्या. सातवी पास आहे. रोज चारला चहाला येते, तशीही बसूनच असते. मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही असं तिला बजावलंय. कांते, हेसुद्धा लिही.

हॉलमध्ये टाकी आहे, माझा मुलगा गौतम याने हौसेने घेतलेली. खाऱ्या पाण्याची. आत केशरी अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी. एक मोठा, एक लहान. मोठ्याला मी मालक म्हणते, लहानीला मालकीण. रोज उडालेलं पाणी भरा, दोन वेळा कोळंबीचा कीस घाला. या टाकीपायी दोन वर्षं मी गणपतीला गावाला गेले नाही. गौतम आणि माझी सून जातात, पूर्वी नाव तिचं. मी थांबते. स्वखुशीने.

पण यतीन म्हणाला, नुसती जुनी टाकी कोण घेतो? पिल्लं वाढवलेली जोडी असेल तर टाकीसकट उचलतो. गौतम म्हणाला, मग उचल रे, यंदा आईला गावाला नेऊ. पूर्वी साक्षीला होती. फोनमध्ये बघत होती, पण होती.

संकल्प: गणपतीपर्यंत शंभर पिल्लं. एका खोलीत, सामाईक नळावर मी चार पोरं वाढवली. यांना तर आंघोळसुद्धा घालायची नाही.

२५ जून, बुधवार.
झाली अंडी! टाकीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीच्या पोटाला चिकटलेली, केशरी. कांता म्हणते दोनशे, मी म्हणते चारशे. चारशे लिही.

मालकीण दिवसभर अंड्यांना पंखांनी वारा घालते, तोंडाने पुसून काढते. मालक नुसता फेऱ्या मारतो आणि कुणी काचेला बोट लावलं की अंगावर येतो. घरोघरी तेच.

गावाला फोन केला. धाकटी जाऊ सुनंदा म्हणाली, वयनी, यंदा तरी येतल्यात मां? की मासेच राखतल्यात? हसली वर. म्हटलं, येते, आणि मोदक मीच वळणार. तू नारळ तेवढे फोडून ठेव.

२८ जून, शनिवार.
यतीन येऊन बघून गेला. म्हणतो, आजी, मोठी ती मादी आणि लहान तो नर. अंडी सांभाळतो तो बाप.
बाप अंड्यांना वारा घालतो! यतीनचं अजून लग्न झालेलं नाही, म्हणून असं वाटतं. नावं बदलणार नाही.

आणखी म्हणाला, समुद्रातून पकडून आणलेल्यांपेक्षा घरात जन्मलेल्यांना जास्त मागणी. त्यांनी समुद्र पाहिलेलाच नसतो, त्यामुळे काचेत सुखाने राहतात. म्हटलं, मग खारं पाणी तरी कशाला, बोअरवेलचं घाल. त्याला विनोद कळला नाही. जाताना पिल्लांच्या खाण्याचं बरंच काही सांगत होता. मी मान हलवली. पोरांना काय भरवायचं हे मला यतीनने सांगावं?

३ जुलै, गुरुवार.
आठ दिवस भरले. अंधार झाल्याशिवाय अंडी फुटत नाहीत, म्हणून संध्याकाळी सातला घरातले सगळे दिवे बंद, पडदे ओढले, टीव्ही बंद. पूर्वीची ऑफिसची मीटिंग चालू होती, तिला लॅपटॉपवर चादर घेऊन बसायला सांगितलं. बसली. आतून काय बोलली ते ऐकू आलं नाही.
साडेआठला बॅटरी लावून बघितलं. पिल्लंच पिल्लं! हळदीच्या कणाएवढी. गौतमने सगळी वेगळ्या टबात काढली. तीनशे पंच्याण्णव.

४ जुलै.
नाचणीचं सत्त्व दिलं. रात्रभर भिजवून, वाटून, धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळून. गौतम यावर गुटगुटीत झाला होता. एकेकाला किती जातं ते दिसत नाही, म्हणून वाटीभर घातलं.

५ जुलै.
पाणी दुधासारखं झालंय. म्हणजे अंगी लागतंय.

६ जुलै, रविवार.
एकही नाही.
यतीन डोक्याला हात लावून बसला. म्हणे यांना रोटिफर लागतात, डोळ्यांना न दिसणारे जिवंत किडे, ते हिरव्या शेवाळी पाण्यात वाढवायचे, मी सांगितलं होतं ना. म्हटलं, तू भरभर सांगितलंस.
मुळात पहिली खेप कुणाचीच धड नसते. याला अपयश म्हणत नाहीत. कांता म्हणते, मग काय म्हणतात? पुढचं लिही.

१५ जुलै.
खिडकीत हिरव्या पाण्याच्या सहा बाटल्या. कबुतरांच्या जाळीतून ऊन येतं तेवढं पुरतं. पूर्वीला वास येतो. मला येत नाही. यतीनने किडेही आणून दिले. दिसत नाहीत, विश्वासावर पोसते आहे.

खाली गेले नाही. पूर्वी म्हणाली, आई, महिनाभर घराबाहेर पडला नाहीत. म्हटलं, वेळ कुणाला आहे? लिफ्टचं कार्डही तिच्याच पर्समध्ये असतं, पण तो मुद्दा वेगळा.

२० जुलै, रविवार.
अंडी! साडेचारशे. यावेळी अठ्ठावीस तारखेला फुटणार. म्हणजे गणपतीला महिना राहिला असताना पिल्लं रांगेला लागलेली. सुनंदाला सांगितलं, माझी जुनी परात काढून घासून ठेव.

२४ जुलै, दिव्याची अमावास्या.
अडचण. उद्या श्रावण लागतो. आमच्याकडे श्रावणात घरात मासळी येत नाही. माझ्या सासूच्या वेळेपासून फोडणीचा वाससुद्धा नाही. आणि ही दोघं रोज कोळंबी खातात.
विचार करून ठरवलं. घराला नियम एकच. आज त्यांना पोटभर घातलं, उद्यापासून पालक. उकडून, बारीक चिरून. मटार सोलून. गौतम म्हणाला, आई, ते मासे आहेत. म्हटलं, असू देत, या घरात राहतात ना?

२६ जुलै.
मालकीणबाई पालकाकडे तोंड फिरवतात. मालकाने एक मटार घेतला आणि थुंकला. सवय लागेल. पूर्वीलाही माझ्या हातची शेपू खायला दोन वर्षं लागली.

२८ जुलै. पहिला श्रावणी सोमवार.
सकाळी बघते तर कुंडी स्वच्छ. घासूनपुसून ठेवल्यासारखी. साडेचारशेतलं एक अंडं नाही.
खाल्ली. स्वतःची. श्रावणी सोमवारी!
यतीन फोनवर म्हणाला, आजी, उपाशी ठेवलं की खातातच. उपाशी कोणी ठेवलं? मी शिवामूठ वाहून होईपर्यंत पाणी घेतलं नव्हतं, मी कुणाला खाल्लं? कांता हसली. तिला आज बिनसाखरेचा चहा.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा.
तोड निघाली. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि होड्या पुन्हा बाहेर पडतात. समुद्र उघडला की समुद्राचं पाणी असलेली टाकीही उघडली. झाकणावर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं, आरती ओवाळली. गौतमने नारळ आत सोडू दिला नाही, तेवढं राहिलं. मग फ्रिजच्या तळातून कोळंबी काढली. दोघांनी असे लचके तोडले की मलाच कानकोंडं झालं. हा नियम माझा नाही, समुद्राचा आहे. सुनंदाला कळवायची गरज नाही.

१० ऑगस्ट, रविवार.
अंडी. यावेळी कांता म्हणेल तेच लिहायचं ठरवलं. दोनशे.
बोटांवर मोजलं. सतरा-अठराला फुटणार, सत्तावीसला गणपती. गाडी पंचवीसला. बसेल सगळं नीट. यतीनला विचारलं, आठ दिवसांच्या पिल्लांसकट टाकी उचलशील का? बघू म्हणाला. बघू म्हणजे हो.

१७ ऑगस्ट, रविवार. रात्री पावणेनऊ.
फुटली. पूर्वी आपणहून दिवे बंद करून बसली होती. टबात हिरवं पाणी, त्यात किडे. सकाळी बघते तर पिल्लांची पोटं चंदेरी दिसतात. यतीन म्हणाला, म्हणजे खातायत. (कांता सकाळी येऊन लिहिते आहे. रात्री तिचा नवरा सोडत नाही.)

२० ऑगस्ट.
साठ राहिली. यतीन म्हणतो, पहिल्यांदा एवढी राहिली म्हणजे आजी, कमाल. कमाल हा शब्द ठळक लिही.
बॅग काढली. नऊवारी दोन, स्वेटर नको, गुडघ्याचं तेल. सुनंदाला सांगितलं, वरची खोली उघडून ठेव. ती म्हणाली, ठेवलंय गो उघडून, दोन वर्षं ठेवतंय. बरी आहे स्वभावाने.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
आज पाचवा दिवस. बाळाची पाचवी करायची असते, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. साठ कपाळं, तिलाही वेळ लागणार. पाटावर सुपारी मांडली, कोरा कागद, पेन. आणि धुरी. ओवा, शेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर. धुरीशिवाय पोर धड राहत नाही. टबाशेजारीच वाटी ठेवली. हवेचा पंप घुरघुरत होता. पूर्वी ऑफिसात होती म्हणून विरोध झाला नाही.

२२ ऑगस्ट.
अकरा.
यतीन म्हणतो, पंपाने धूर ओढून पाण्यात सोडला. मी म्हणते, काल सुनंदाने व्हिडिओ कॉलवर टब बघितला आणि केवढी गो ही पोरां म्हणाली, त्याचं हे. दोघांचं मत रेकॉर्डमध्ये असू दे.
अकराही पुष्कळ. आमच्या सासूबाईंना अकरा झाली, चार राहिली, आणि त्या चौघांनी वाडीवर राज्य केलं.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी.
एक.
पण काय एक! अंगावर केशरी रंग चढलाय, डोक्यामागे पांढऱ्या पट्ट्याची रेघ उमटते आहे. तांदळाएवढं असेल नसेल, पण चालणं जॉबरचं, मुकादमाचं. अगदी ह्यांच्यासारखं, गिरणीत राऊंड मारल्यासारखं.

संध्याकाळी यतीन आला. गौतम, पूर्वी सगळे होते. यतीन म्हणाला, एक तर एक, पिल्लू वाढवलेली जोडी झाली, टाकी मी घेतो. टाळ्या. मग म्हणाला, दिवाळीनंतर. आत्ता हलवलं तर हे मरेल.
मी विचारलं, आणि गावाला चार दिवस जायचं तर?
यतीन सहज बोलून गेला, मोठ्या जोडीचं काय, चार दिवस, आठवडाभर काही घातलं नाही तरी चालतं. पाणी उडेल तेवढं मी येऊन भरतो. सगळेच जातात की सुट्टीला. हे मी गौतमला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पूर्वी स्वयंपाकघरात गेली.
मग गौतमने विचारलं, पण पिल्लाचं काय? यतीन म्हणाला, हां, त्याला मात्र दिवसातून चार वेळा हवं. गौतम म्हणाला, चार वेळा! बघ आई. आणि खुर्चीत मागे टेकून बसला. केवढी काळजी आहे त्याला पिल्लाची. पहिल्या दिवशी सांगितलेलं विसरला असेल. कामं काय थोडी आहेत त्याला.

२५ ऑगस्ट, सोमवार.
गेले दोघं पहाटे. गौतम म्हणाला, बारा तासांचा रस्ता, तुझे गुडघे, तिकडे संडास मागच्या दारी, आणि आता तर तू एक्सपर्ट. पूर्वीने लिफ्टचं कार्ड माझ्या हातात ठेवलं, वाकून नमस्कार केला. एरवी फक्त दिवाळीला करते.
कांता म्हणाली, काकी, तुम्ही अजून जा, चार वेळा मी येऊन घालीन. म्हटलं, तुझा हात सैल आहे, एका दिवसात सगळे किडे संपवशील. मी स्वतःच थांबायचं ठरवलं. स्वखुशीने. बॅग पलंगाखाली सरकवली. रिकामी करायला वेळ नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती.
सकाळी आठला खाल्लं. बाराला खाल्लं.
व्हिडिओ कॉलवर दर्शन झालं. मोदकांच्या कळ्या तिरक्या होत्या, दोनतीन तर फुटले होते. बोलले नाही. सुनंदाने मूर्तीसमोर एक पाट रिकामा ठेवला होता, तो दाखवला. मी म्हटलं, रेंज जाते आहे.

चारला खायला घालायला गेले तर दिसेना. कांताने चष्मा लावून, बॅटरी घेऊन शोधलं. पंपाच्या नळीमागे होतं, आडवं.

कांताने बॅटरी बंद केली. मग म्हणाली, काकी, आता मोकळ्या झालात. आमचा पोरगा विक्रांत रात्रीच्या बसमध्ये बसवून देतो, सोबतही येतो. सकाळी घरी पोचाल, गौरी मिळतील. बॅग तर भरलेलीच आहे.

मी म्हटलं, आधी चहा कर.

तेवढ्यात गौतमचा फोन. मागे झांजा वाजत होत्या. विचारलं, पिल्लू? म्हटलं, मजेत, आत्ताच खाल्लं. म्हणाला, तू आहेस म्हणून आई, नाहीतर कोण होतं? आवाज इतका मोकळा होता त्याचा.

कांते, पिल्लू गेलं हे कुणाला बोलायचं नाही. सणासुदीचं त्याला वाईट वाटेल. आणि रोज चारला यायचंस ते येत जा. नको, असं कर, पुढचं आत्ताच लिहून ठेव. सकाळी आठ, खाल्लं. बारा, खाल्लं. चार, खाल्लं. रात्री आठ, खाल्लं. ते परत येईपर्यंतच्या सगळ्या दिवसांचं.

कांता म्हणते, मी हे लिहिणार नाही. तेही लिही, आणि मग खाली लिही: सकाळी आठ, खाल्लं.