संध्याकाळचं मैदान

२ ऑगस्ट

ती. काकांना,
शि. सा. न.

पत्रच लिहितेय, कारण फोनवर तुम्ही माझ्या कामाचं विचारता आणि मी उत्तर देईपर्यंत काकू फोन ओढून घेते.

बायका खेळतात त्यात विद्यापीठात शिकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही बाबांना विचारलंत, ते पोचलं माझ्यापर्यंत. शिकायचं एवढंच, की चांगल्या पळणाऱ्या मुली पंधरा-सोळाव्या वर्षी मैदान का सोडतात. गेलं वर्ष दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात गेलं. डोळे शिणले. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आता तरी एखाद्या मुलीच्या तोंडून काही ऐकून आण. डिसेंबरात प्रबंध दिला नाही तर माझी मुदत संपते, आणि ती आता वाढत नाही. मग बाबांनी बघून ठेवलेली ऑफिसातली नोकरी धरायची.

तुम्ही शाळेत इतकी वर्षं खेळ शिकवताय. मैदान सोडून गेलेल्या मुलींशी माझी भेट घालून द्याल का?

काकूला नमस्कार. रागावला असलात तरी माया कमी करू नका.

तुमची पुतणी

१० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झाडावरून उतरवताना माझा जीव काढणारी खार आता जाडजूड पुस्तकं कुरतडते, याचं नवल वाटतं. काळजी करू नकोस. सोडून गेलेल्या मुलींपैकी आठ-नऊ जणी जमवल्या आहेत. लाजऱ्या आहेत, तुझ्यासमोर ततपप व्हायची, म्हणून दोन शनिवार शाळेत बोलावून त्यांची तयारी करून घेतली. तपासणीला साहेब यायचे असले की करून घेतो तशीच. खेळाचे फायदे, शिस्त, संघभावना, सगळं पाठ आहे. लांब उडीवाली तर अशी बोलते की तू टाळ्याच वाजवशील. शाळेचं नाव विद्यापीठात जाणार म्हणून हेडसर खूश आहेत.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात आणि यंदा कंटाळाही फार येतो. देव निभावून नेतोय. काकू विचारते, वेळेवर जेवतेस का.

ये लवकर. घर वाट बघतंय.

तुझा काका

२९ ऑगस्ट

ती. काकांना,
शि. सा. न.

परत आल्यावर रागाने एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. आता राग नाही, नुसता शीण आहे.

सगळ्या मुलींनी मला सांगितलं की खेळाने शरीर आणि मन घडतं. सगळ्याच म्हणाल्या की अभ्यासामुळे वेळ मिळत नाही, आणि खाली बघितलं. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसला होतात. एकीचं वाक्य अडलं तर पुढचं तुम्हीच म्हणालात. मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाल्या, हा तर तुझ्या काकांचा प्रबंध झाला. मला हसू आलं नाही.

पुन्हा येईन म्हणते. या खेपेला तुम्ही गावात नसलात तर बरं. वाईट वाटून घेऊ नका.

तुमचीच, दमलेली खार

६ सप्टेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं नाही. म्हणजे दोन दिवस वाटलं. मग जेवताना काकूने सुनावलं, की पोरगी तिकडे मरमर मरतेय आणि तुम्ही दारात पहारा देता. तेव्हा रविवारी मी एकटाच सासुरवाडीला जातो. तिकडे सगळे चकित होतील, होऊ देत. मुली आपल्या घरी येतील, काकू आहेच.

एक कळत नाही. माझ्यासमोर सांगता येऊ नये असं त्यांच्याकडे काय असेल? विचारत नाही. मनात आलं ते लिहिलं.

प्रवासात जपून ये.

तुझा काका

२० सप्टेंबर

ती. काकांना,
शि. सा. न.

मुली बोलल्या. एकमेकींची वाक्यं तोडत बोलल्या. शिट्टी दातात धरून तुम्ही ओरडता, त्याची नक्कलही झाली. मी हसले, माफ करा.

मग जे बोलल्या ते असं. तुम्ही मुलींना दुपारच्या उन्हात मैदान देता, आणि अंग जरा मोकळं झालं की शिट्टी वाजवून घरी पाठवता. संध्याकाळ मुलांची. तुम्ही म्हणता, उजेडात घरी पोचा. त्या म्हणतात, ज्यांची भीती आहे त्यांना कुणी घरी पाठवत नाही, आम्हालाच पाठवतात. कधी मनासारखं खेळूनच झालं नाही, मग सोडलं. त्यांच्यातली गोलकीपर म्हणाली, सर वाईट असते तर भांडलो असतो.

हे लिहिलं तर नाव नसूनही तुमची ओळख लपणार नाही. हेडसर प्रबंध मागवून वाचणार आहेत. नाही लिहिलं तर माझ्याकडे लिहायला दुसरं काही नाही. तुम्ही म्हणाल तसं करेन. ती नोकरी धरायला मला कमीपणा नाही.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची पुतणी

१२ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रोज पहाटे देवापुढे बसतो, पण डोळे मिटले की शिट्टीच ऐकू येते. देवाकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो, तर ते माझ्याच नावाचं निघालं. आधी वाटलं, इतक्या वर्षांत एकाही मुलीला धक्का लागला नाही, हे कुणी का बोलत नाही? मग वाटलं, मैदानावर त्यांचं जे व्हायला हवं होतं, ते मनासारखं खेळणंही झालं नाही.

लिही. मला सांभाळून लिहू नकोस. काळजीपोटी केलं वगैरे घालू नकोस, ते हेडसरांना माझं मी सांगेन.

सोमवारपासून संध्याकाळचं मैदान मुलींना दिलं. मुलं धुसफुसताहेत, दोन वडील भांडून गेले, हेडसर बोलेनासे झालेत. पहिल्या दिवशी चौघीच आल्या, आणि त्याही खेळल्या नाहीत. गोलच्या खांबाला टेकून गप्पा मारत बसल्या. यासाठी का एवढा वाईटपणा घेतला, असं वाटून गेलं. अंधारू लागलं तशी शिट्टी तोंडापर्यंत नेली, पण वाजवली नाही. तेवढ्यात लांब उडीवालीने ओरडून सांगितलं, की सर, तुम्ही घरी जा, आम्ही जाऊ आमच्या आम्ही.

गेलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून पळण्याचा आवाज आला. वळून बघावंसं फार वाटलं. नाही बघितलं.

प्रबंध झाला की पोटभर झोप. घरच्या सगळ्यांची माया आहेच.

तुझा काका