पुराच्या आधीचे सहा दिवस

अथाल, सिल्वासा
रविवार, १५ जून २०२५

आदरणीय शोभाताई यांस सुकदेवचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. आमची लेक गुड्डी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तुम्ही इथे असताना पाठ करून घेतलेले पाढे तिला अजून येतात, आणि मला अजून येत नाहीत, हे ती रोज ऐकवते. टोकरखाड्यातल्या तुमच्या जुन्या खोलीत आता दमणचे एक गुजराती मास्तर राहतात. माणूस भला आहे, पण कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत नाही. गुड्डीची आई भिमाबाई जाऊन घालून येते. गुहागरला पाऊस लागला असेल. तुमचा गुडघा कसा आहे?

नवा करारनामा पोचला. आठ हजार डबे, झाकणासकट, गणपतीच्या आधी. तुमच्या बचत गटातल्या बायकांनी मोदकाच्या पिठासाठी यंदाही मलाच डबे सांगावेत, याचा आनंद किती झाला ते लिहिता येणार नाही. पण कागद आठ दिवस टेबलावर पडून आहे. तुमचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी "मशीनवर आहे ताई, करतो" म्हणालो. एकदा मशीनवर होतो. दुसऱ्यांदा चहा पीत होतो.

फोनवर तुमचं "बरं" ऐकलं की माझी जीभ अडखळते, म्हणून हे पत्र. अक्षर खराब आहे, ते तुम्हाला नवं नाही.

या करारात तुम्ही दैवी आपत्तीचं कलम आणखी मोठं केलं आहे. पूर, आग, वादळ यांमुळे माल वेळेवर देता आला नाही, तर पुरवठादाराचा दोष धरू नये. त्यात रस्ता बंद पडणं आणि वीज जाणंही घातलंत, आणि खाली पेन्सिलीने लिहिलंत, "गेल्या वर्षी तुझे फार हाल झाले." ताई, ती पेन्सिलीची ओळ वाचली आणि माझ्याच्याने पुढे सही होईना.

गेल्या वर्षी माल बुधवारी द्यायचा होता. पूर आला शुक्रवारी.

हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही, कारण मी ते लक्षात येऊ दिलं नाही. आठ दिवसांच्या आत लेखी कळवायचं असा नियम होता. मी पुराच्या तिसऱ्याच दिवशी वकिलाकडून पत्र लिहून घेतलं, त्यात पुराचा वार मुद्दाम घातला नाही, आणि शेडमधल्या पाण्याचा फोटो जोडला. पाणी खरं होतं. धरणाचे दरवाजे उघडले होते, रस्ता बंद होता, मशीनच्या पायापर्यंत चिखल होता. सगळं खरं, फक्त उशिराचं कारण ते नव्हतं. दोन दिवसांत आम्ही शेड धुऊन काढली. पुराआधीचे सहा दिवस कारखाना कोरडा ठणठणीत होता आणि बंद होता.

कानबाईसाठी बंद होता.

तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला आमची कानबाई ठाऊक असायचं कारण नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर ही देवी बसते. घरातल्या माणसागणिक मूठ-मूठ गहू घेऊन रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच बसून खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली तो पानावर नसला तर घराला चैन पडत नाही. माझे बावीसच्या बावीस कामगार अमळनेर-पारोळ्याकडचे. पुराच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी सगळे गाडीत बसले. त्यांच्यात मीही बसलो. चार दिवसांत परतायचं ठरलं होतं, पण गावाला गेलेला माणूस ठरल्या दिवशी कधी परत आलाय? बुधवार उजाडला तेव्हा तुमचे निम्मे डबेही झाले नव्हते, आणि मी गावात भावाच्या ओट्यावर बसून "होऊन जाईल" म्हणत होतो.

पुढचं लिहिताना लाज वाटते. शुक्रवारी सकाळी आम्ही परतलो आणि दुपारी पाणी शेडमध्ये शिरलं. कामगार पोती उचलत धावत होते, आणि मला बरं वाटलं, ताई. पाणी बघून बरं वाटलं! मनात म्हटलं, देव पावला, सुटलो.

तुम्ही मात्र पत्र वाचून पहिला फोन केलात तो, "तुझी माणसं सुखरूप आहेत ना?" असा. डबे पोचले तोवर मुंबईच्या दुकानदारांनी दुसऱ्यांचं पीठ भरून घेतलं होतं. तुमच्या बायकांची वर्षाची मेहनत घरात पडून राहिली. तरी पुराला कोण काय करणार, असं त्यांना समजावून त्यातलंच एक पोतं तुम्ही इकडे पूरग्रस्तांसाठी धाडलंत. भिमाबाईने मोदक केले, कामगारांच्या मुलांनी पोटभर खाल्ले. मला वाढताना ती एवढंच म्हणाली, "पूरना नावना मोदक गोड लागतस का तुमले?" मी ताट सारलं. तेव्हापासून घरात उकडीचे मोदक झालेले नाहीत.

पहिला करार लिहिताना तुम्ही विचारलं होतंत, "आणखी काही अडचण येते का तुमच्याकडे? सांग, लिहून टाकते." कानबाई ओठांवर आली होती. पण म्हटलं, करारात कोणी सण लिहितं का? बाई हसतील. अहिराणी बोलणारा, रोट खायला पळणारा माणूस कारखाना काय चालवणार, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही हसला नसतात. तुम्ही वहीत तारीख लिहून घेतली असती आणि डबे आठ दिवस आधी मागितले असते. एवढं सोपं होतं ते.

गेल्या सोमवारी मी कामगारांना हे सगळं सांगितलं. भास्कर, आमचा जुना ऑपरेटर, डोकं खाजवत म्हणाला, "आमले पहिलेच सांगतात ना शेठ, आठ दिन डबल पाळी करी लेतूत." वर्षभर मी मनातल्या मनात त्यांच्यावर खापर फोडत होतो, आणि त्यांना तुमची तारीख कधी सांगितलीच नव्हती.

यंदा कानबाई तीन ऑगस्टला आहे. करारातलं मोठं कलम मी खोडलं आहे, तुमचं जुनंच राहू द्या. त्याखाली माझ्या हाताने लिहिलं आहे: "कानबाईच्या आठवड्यात कारखाना बंद राहील. ही आपत्ती नाही, आमचा सण आहे. सर्व माल २५ जुलैपूर्वी दिला जाईल. न दिल्यास दोष पुरवठादाराचा." भास्करने मंगळवारपासून मशीन लावलंही. म्हटलं, अरे, ऑर्डर पक्की नाही. तर म्हणे, नाही झाली तर डबे कोणीही घेईल, झाली तर आपण पुढे असू. काल संध्याकाळपर्यंत नऊशे झाले.

सही मात्र केलेली नाही. हे पत्र गटातल्या सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचा, एकही ओळ गाळू नका. गेल्या वर्षीच्या उशिराचा जो दंड मी पुरामागे लपून चुकवला, तो त्यांनीच ठरवावा, मी भरीन. मग मला पुन्हा काम द्यायचं की नाही तेही त्याच ठरवू देत. तुम्ही माझी बाजू घेऊ नका, ताई. तुम्हाला ती सवय आहे.

त्या हो म्हणाल्या, तर पहिली गाडी घेऊन मी स्वतः गुहागरला येईन. नाही म्हणाल्या, तरी येईन. त्या वेळी गाडी रिकामी असेल, एवढंच.

कोणत्याही आपत्तीशिवाय चुकलेला,
तुमचा
सुकदेव