ऑम्लेटवरचा सॉस आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा पुस्तकबांधणी (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याची काय गत झाली असती हे घरच्यांना ठाऊक आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते जावईबापूंवर चिडलेली असताना लिहिलं होतं.

१. राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या लेकीला. बाथरूमचा नळ उलटा फिरतो, हे नव्या माणसाला आधी सांगावं.

२. बँकेतली शिल्लक लेक आणि नात यांना निम्मी निम्मी. जावईबापूंना माझी शिडी. ती त्यांनी नऊ वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेली आहे, तेव्हा ही केवळ औपचारिकता.

३. बांधणीचं सामान, म्हणजे लोखंडी दाबयंत्र, दाभणं, मेण लावलेला दोरा आणि मोठी कात्री, माझ्याबरोबर वीस वर्षं पानं शिवणाऱ्या सोबतीणबाईंना. पानं पूर्ण शिवून झाल्याशिवाय पुठ्ठा कापायचा नाही, हा माझा नियम त्यांनी पुढेही पाळावा. पण पुस्तकांपुरताच. स्वयंपाकघरात तो पाळून मी कशी तोंडघशी पडले, ते पुढच्या कलमात येतं.

४. टोमॅटो सॉसची कृती. बांधणीखान्यासमोर एक हॉटेल होतं. लांब काउंटर, सहा उंच स्टुलं, पलीकडे तव्यापाशी आचारी. दर गुरुवारी मी आणि माझी धाकटी बहीण तिथे ऑम्लेट खायचो. ती इस्पितळात नर्स, रात्रपाळी संपवून थेट यायची. ऑम्लेटवर आचारी पळीभर लाल सॉस ओतायचा, आणि त्यानंतर पाच मिनिटं आम्ही दोघी एक अक्षर बोलायचो नाही. आमच्या घरात हे नवलच होतं.

आचारी थकला, हॉटेल बंद झालं. मग दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात तो सॉस जमवायचा आम्ही चंग बांधला. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, लोणी, व्हिनेगर. मी ढवळणार, ती चमच्याने चाखणार. सॉस जमेपर्यंत एकही अंडं फोडायचं नाही, ही शिस्त माझी. पुठ्ठा शेवटी कापायचा तसं अंडंही शेवटी. अशी पाच वर्षं गेली. दर वेळी ती तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "ताई, आंबट झालाय गं." एका रविवारी माझा तोल सुटला. "इस्पितळातलं जेवण मिटक्या मारत खाणारी तू, तुला चवीतलं काय कळतंय?" असं मी बोलले. तिने चमचा खाली ठेवला, पर्स उचलली आणि गेली. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात तोच आचारी भेटला. मी त्याला तिथेच धरलं आणि सगळं सांगितलं. तो खोकला येईपर्यंत हसला. "चमच्याने चाखत होता? अहो बाई, तो नुसता खाल्ला तर आंबटच लागणार! अंडं मऊ, लोणी मऊ, मग सॉसने थोडं भांडायला नको का? अंड्यावर ओतून बघितलात का कधी?"

कधीच नाही. घरी आले, नेहमीचाच सॉस केला, अंडी फोडली, वरून ओतला. पहिल्याच घासाला मी गुरुवारच्या त्या स्टुलावर जाऊन बसले. धाकटी म्हणत होती तसा सॉस आंबटच होता, आणि तो तसाच हवा होता. बोलायला नको होतं ते मी बोलले. चूक सर्वस्वी माझी, आणि मला तिची फार आठवण येते. हे वाक्य कायदेशीर नाही, तरी खोडू नये.

५. मूळ मसुद्यात कृतीची वही मी धाकटीच्या नावे ठेवली होती. मग विचार केला, मी गेल्यावर तिला वही मिळून काय उपयोग? ती एकटीच खात बसणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. तेव्हा तिला काहीही ठेवलेलं नाही, साक्षीदार मात्र नेमलं आहे. साक्षीदाराला माझ्यासमोर येऊन सही करावी लागते. येत्या रविवारी सकाळी अकराला सह्या आहेत, लेकीने निरोप पोचवला आहे. धाकटीने "बघते" एवढंच उत्तर दिलं. ती आली नाही तर मी दुसरा साक्षीदार शोधणार नाही. एका साक्षीदाराच्या सहीवर मृत्युपत्र चालत नाही म्हणे. नाही चाललं तर नाही. मग घराचं आणि शिडीचं ज्याचं त्याने बघून घ्यावं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातला रागही आता संपला आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: सात मार्च, रविवार

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर: (सही)

साक्षीदार दुसरी, लिहून ठेवणारीची धाकटी बहीण: (सही)
ताईने माझ्यासमोर सही केली. नाडी आणि रक्तदाब मी स्वतः तपासला, दोन्ही उत्तम. डोकं ठिकाणावर आहे का, हे एका भेटीत आणि दोन ऑम्लेटांत सांगता येत नाही. त्यासाठी दर रविवारी यावं लागेल.