मागच्या सीटला दार

बोईसर, ५ फेब्रुवारी १९७८, रविवार संध्याकाळ

ह्यांनी आज आमची दोन दारांची गाडी देऊन चार दारांची आणली. का? तर परवा नवापूरला निघताना मागे शिरणाऱ्या वन्संचा गुडघा आपटला. "ताई, मागच्या माणसालाही दार हवंच गं. दोन दारांची गाडी आता घेतंय कोण?" असं हे त्यांना म्हणाले. माझंच वाक्य! पोटुशी असताना त्या दुमडलेल्या सीटमागे वाकून शिरायचे, तेव्हा मी हेच सांगत नव्हते का? "स्वस्तात हीच मिळते, होईल सवय," म्हणायचे. झाली की सवय! वन्संचा गुडघा एकदाच आपटला. आज मागच्या दारातून पहिल्या त्याच बसल्या. आणि हे मला विचारतात, "तुला कधी सुचलं होतं का गं हे?"