दुखतं तिथलाच फोटो

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, वाकायला सध्या बंदी आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून.

माझी कंबर दुखत होती हे तुला ठाऊक आहेच. चालताना डावा पाय जड व्हायचा, जरा टेकलं की बरं वाटायचं. तू फोनवर ओरडलीस म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, पूर्ण पाठीचा एमआरआय काढू. मी जन्मभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केलेला माणूस. मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीचं काम मारतायत. म्हटलं, बाई, दुखतं तिथलाच फोटो काढा. हुज्जत घालून त्यांना दमवलं आणि कमरेपुरताच काढून घेतला. त्यात मणके झिजलेले दिसले (या वयात कुणाचे नसतात?). मी खूश. मग शेक झाले, पट्टा झाला, व्यायाम झाला, आणि पाय आणखीच फरफटू लागला. एकदा शिडीवर पाऊल कुठे टेकलंय तेच कळेना, तेव्हा मात्र घाबरगुंडी उडाली.

शेवटी पूर्ण पाठीचा काढला. दुखणं कमरेत आणि भानगड वर, छातीच्या मागे! मज्जारज्जू सुजलेला, त्याच्यालगत फुगलेल्या शिरांची वेटोळी. मग जांघेतून बारीक नळी घालून, रंग सोडून, नेमकी जागा शोधली. दाबाने रक्त आणणारी रक्तवाहिनी परस्पर परतीच्या शिरेला जोडली गेली आहे, त्या दाबाने शिरा तुंबल्यात. असं फार क्वचित होतं (तुझा भाऊ लाखात एक निघाला तो असा). ताई, ओल एका भिंतीला आणि गळती भलत्याच मजल्यावर, हे मी किती घरांत छाती फुगवून समजावलं असेल! स्वतःच्या पाठीची वेळ आली तेव्हा अक्कल गहाण टाकली. फार वाईट वाटतं गं. तेव्हाच ऐकलं असतं तर पायात जोर तरी राहिला असता.

सोमवारी ती जोडणी बंद करणार आहेत. काळजी करू नकोस, आणि येण्याची दगदग तर मुळीच नको.

तुझा,
नळ्या

ता. क. : ये.

आणखी एक ता. क. : पुढचं बिघडणं थांबेल, पण गेलेलं बळ परत येईलच असं नाही, असं बाईंनी मला एकट्याला सांगितलंय. तुझ्या भावजयीला हे तू सांग. मी दोनदा सांगून पाहिलं. तिला वाटलं, मी नेहमीसारखी थट्टाच करतोय. दोन्ही वेळा ती पोट धरून हसली, आणि मग मलाही हसावं लागलं.